आधी वरचे दात

“आ कर, शेवू. मोठा आ कर. आत उंदीर बसलाय का बघू दे मला.”

माणिकबाई हातात टॉर्च घेऊन माझ्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि मी ओठ असे आवळले होते की हनुवटी दुखायला लागली होती. अंगणवाडीतली बाकीची पोरं भिंतीला टेकून कधीची तोंडं वासून उभी होती. एकाच्या तोंडात माशी जाऊन आली तरी त्यानं मिटलं नव्हतं, इतका त्यांना हुरूप. मी तेवढी कुलूप लावलेल्या घरासारखी.

“हिच्या तोंडाला मुहूर्त लागतो की काय?” माणिकबाई म्हणाल्या.

दारात आई उभी होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, बोटं राखेनं माखलेली. काजूच्या कारखान्यात ती बिया फोडायला जायची. दुपारच्या सुट्टीत पळत येऊन मला बघून जायची.

“राहू दे बाई. तिला न्हाई आवडत.”

“आवडायला मी काय बासुंदी वाढतेय? दात बघतेय दात. तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाई बसायला लागल्यात, फुकट तपासतात. ज्यांचे किडलेत त्या पोरांना घेऊन जायचंय.”

“हिचे बरे हायत.”

“बरे हायत तर दाखवायला काय जातंय तुझं, सगुणा?”

आई आत आली, मला उचलून कडेवर घेतलं. मी सहा वर्षांची घोडी, पाय तिच्या गुडघ्याच्याही खाली लोंबत होते. तिनं माझं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि कानात म्हणाली, “मिट तोंड.”

ते मिटलेलंच होतं. मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. बोलायचं ते ओठांतल्या ओठांत. हसायचं ते हात धरून. मी हसायला शिकले ती नाकानं. माणसांपुढं दात दाखवायचे नाहीत हे मला चालण्याच्या आधी कळलं होतं, आणि का ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्याच आया आपल्या मुलींना असं शिकवत असतील.

कारखान्यात बायका ओळीनं बसायच्या. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, म्हणून हाताला राख चोळायची, पायानं दांडी दाबायची, बी फुटली की आतला गर अख्खा काढायचा. अख्खा निघाला तर मोल, तुकडा पडला तर बोलणी. या सगळ्या खटखटीवर आईचा आवाज चढायचा. अंगणवाडी सुटल्यावर मी तिच्यामागं पोत्यावर जाऊन बसायची ती त्या आवाजासाठी.

“डोंगराच्या आड माझं माहेर दिसंना
बंधू उभा दारी, त्याला बहीण पुसंना.”

हे तिचं तीच जोडायची. जात्यावर बसणाऱ्या तिच्या आजीकडून चाल आली होती, शब्द तिचे. पुढची ओळ जुळायच्या आत शेजारची मालूमावशी तोंड घालायची.

“अगं, डोंगराच्या आड कुठं? धामणवाडी एका येष्टीवर हाय. तालुक्याच्या वाटंवर. जाऊन ये की भावाकडं, आमचे कान तरी सुटतील.”

“भांडण असंल,” दुसरी कुणी म्हणायची.

“जमिनीचं?”

“भावजयीचं. दुसरं कशाचं असतंय?”

बायका हसायच्या. आई खाली बघून बी फोडायची. तिच्या हातून त्या वेळी नेमका तुकडा पडायचा.

माझ्या मामाचं नाव वैजू हे मला त्या ओव्यांतूनच कळलं. मामा म्हणजे काय असतो हे मात्र ठाऊक नव्हतं. भाऊबीजेला आई अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं करतात. मी विचारलं, “तुला भाऊ हाय न्हवं?” तर म्हणाली, “हाय. म्हणून तर.” आणि ताटातला दिवा हातानं वाऱ्यापासून आडवत कितीतरी वेळ वर बघत राहिली.

एसटीनं तालुक्याला जायचा प्रसंग आला की वाटेत धामणवाडीचा फाटा लागायचा. फाट्यावर मोठी जांभूळ, तिच्यामागं चार घरं. तो आला की आई मला मांडीवर पालथी घालायची, पाठीवर पदर टाकायची आणि स्वतः मात्र मान वळवून खिडकीतून बघायची. गाडी सुटली की तिचा हात माझ्या पाठीवर हळूहळू सैल व्हायचा.

त्याच वर्षी माणिकबाईंनी आयांची सभा घेतली. अंगणवाडीच्या ओसरीवर चित्रांचा तक्ता लावला. दाताला भोक पडलंय, भोकात काळा किडा दात विचकतोय.

“पोराला गप्प बसवायला तुम्ही फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला देता ना?” त्यांनी विचारलं.

“मग काय कारखान्यात कडेवर घिऊन फोडू बिया?” मालूमावशी म्हणाली.

“देऊ नका. त्या गुळानं पुढचे वरचे दात आधी जातात. काळे पडतात, झिजतात, मुळापर्यंत जातात.”

“पडायचेच हायत की दुधाचे दात. चार दिवस आधी पडले तर काय बिघडलं?”

“पडेपर्यंत दुखतात, त्याचं काय? पोरगं जेवत नाही, झोपत नाही.”

आई मागं खांबाला टेकून बसली होती. ती सभेत कधी बोलत नसे. त्या दिवशी तिनं हळूच विचारलं, “वरचेच जातात? नक्की?”

“नक्की,” माणिकबाई म्हणाल्या. आपलं बोलणं कुणाच्या तरी काळजाला लागलं म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून गावातल्या निम्म्या आयांनी गूळ बंद केला. माझ्या आईनं सुरू केला.

मला तर सणच आला. अंगणवाडीत जाताना गुळाची पुरचुंडी, परतल्यावर पुरचुंडी, अंथरुणावर पडल्यावर पुरचुंडी. आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणायची, “पुढनं चोख, बाळ. पुढनं.” पहाटे ती मला दात घासायला लावायची तेही बंद झालं. गोव्याला बेकरीत कामाला असणारा बाप सणाला आला तेव्हा म्हणाला, “लई लाडावलीस पोरीला.” आई नुसती हसली.

आणि मग पावसाळा सरता सरता माझा वरचा ओठ सुजला. आधी कुणाला कळलं नाही, कारण माझं तोंड कुणी बघतच नव्हतं. मग सूज नाकाशी आली, गालावर चढली, एक डोळा बारीक झाला. भाकरीचा तुकडा चावता येईना. पाणीसुद्धा दाताला लागलं की मी किंचाळायची. आई लवंग चेचून लावायची, मिठाचा शेक द्यायची, देवीपुढं नारळ ठेवून आली. दोन दिवस कारखान्यात गेली नाही. मला मांडीवर घेऊन झुलत राहिली. पण ओवी नाही, काही नाही. मला तिच्या आवाजाची भूक लागली होती. भाकरीपेक्षा जास्त.

“आई, गा की.”

“कुठल्या तोंडानं गाऊ?” ती म्हणाली आणि रडायला लागली.

माणिकबाई घरी आल्या. टॉर्च नाही, तक्ता नाही. मला बघितलं आणि आईकडं वळल्या.

“ऊठ. साडी बदल. नऊच्या गाडीनं निघायचं.”

“बाई, तिचं तोंड लोकांपुढं...”

“हे असंच चढत गेलं तर पोरगी हातची जाईल, सगुणा. मग तोंड झाकून काय करशील?”

आईनं साडी बदलली नाही. तशीच उठली.

तालुक्याच्या दवाखान्यात ती खुर्ची बघून मी दाराची चौकट धरली. माझी बोटं सोडवायला माणिकबाई आणि एक नर्स लागल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आईच्या मांडीवर बसू दे,” आणि आईच त्या खुर्चीत टेकली, तिच्यावर मी. आईचं काळीज माझ्या पाठीत धडधडत होतं. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, आवाज मऊ. त्यांनी छोटा आरसा आधी माझ्या हातात दिला. “तूच बघ आधी,” म्हणाल्या. मी आईकडं बघितलं. आईनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मी तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“वरचे चार किडलेत. मधल्या दोघांच्या मुळाशी पू झालाय, ते काढावेच लागतील. आज औषध देते, सूज उतरली की काढू. बाजूचे दोन मात्र भरता येतील. वाचतील.”

“वाचवू नका,” आई म्हणाली.

“काय?”

“चारीच्या चारी काढा. एक बी ठेवू नका, बाई. पाया पडते.”

“अहो, चांगले दात कशाला काढायचे?”

“चांगले न्हाईत ते.”

माणिकबाई पुढं झाल्या. “सगुणा, डोकं फिरलं काय तुझं?”

तेव्हा आई बोलली. माझ्या डोक्यावरून, समोरच्या भिंतीकडं बघत. मला कळण्यासारखं ते नव्हतं, तरी शब्दन् शब्द कानात राहिला.

“हिचे वरचे दात आधी आले बाई. खालचे यायच्या आधी. आमच्यात म्हणतात, असं झालं की मामाला वाईट. मामानं त्या पोराचं तोंड बघायचं न्हाई. मी तवा माहेरालाच होते, आठ महिन्यांची ही. शेजारच्या म्हातारीनं हिच्या तोंडात बोट घालून सांगितलं. मी हसण्यावारी नेलं. माझा वैजू हिला खांद्यावर घिऊन गावभर मिरवायचा, त्याला काय सांगायचं? आणि आठवडा न्हाई झाला, काजूच्या झाडावरनं पडला. पाय मोडला. लोकांनी घोंगडीतनं आणला. मी त्याच्या जवळ न्हाई गेले बाई. हिला पदरात गुंडाळली आणि मागच्या दारानं निघाले. तो आत वरडत हुता, आक्का, आक्का म्हणून. आई गेल्यावर मीच वाढवला त्याला. त्या दिवसापासनं त्याच्या पुढं गेले न्हाई. हे दात पडले की जाईन म्हटलं. दिस मोजत हुते. मग ह्या बाईंनी सांगितलं, गुळानं वरचे दात लवकर जातात.”

माणिकबाई मटकन स्टुलावर बसल्या. “आई गं,” एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काही शिकवलंही नाही. आईचा हात धरला, राखेनं काळवंडलेलं तिचं बोट माझ्या खालच्या ओठाच्या आत नेलं.

“हा हलतोय बघा. खालचा, मधला.”

“व्हय.”

“आता त्याच्या मागं बोट न्या. टोचतंय काही?”

आईचं बोट थबकलं. “व्हय. बारीक. तांदळावानी.”

“नवा दात आहे. कायमचा. हिचे नवे दात यायला लागलेत, आणि बघा, खालचा आधी आलाय. वरचे हे ठेवले काय, काढले काय, ते वर्षा-दोन वर्षांत आपले आपणच जागा सोडतील. पण ते दोन राहिले तर येणाऱ्या दाताला वाट सापडेल. काढले तर तो वाकडा येईल.”

“खालचा आधी?” आईनं विचारलं.

“खालचा आधी.”

“ह्या खेपेला खालचा आधी आला?”

“हो, सगुणाबाई. आलाय सुद्धा.”

आईनं बोट काढलं नाही. माझ्या तोंडात ते तसंच राहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर पडलं, कोमट.

औषधं घेऊन आम्ही परतीच्या गाडीत बसलो. माणिकबाई खिडकीशी, आई मधे, मी तिच्या मांडीवर. फाटा जवळ आला तशी मी सवयीनं पालथी पडायला लागले. आईनं मला धरून सरळ बसवलं. जांभूळ दिसली. गाडी थांबली. एक म्हातारा उतरला, कोंबड्यांची पाटी उतरली. आई जागची हलेना.

“उतर,” माणिकबाई म्हणाल्या.

“उद्या कारखान्यात...”

“कारखान्यात मी सांगते, दवाखान्यात आहे म्हणून. खोटं नाही त्यात काही. उतर आता, कंडक्टर डबल बेल मारेल.”

आम्ही उतरलो.

मामाचं घर पहिलंच. अंगणात एक माणूस साठवणीतल्या काजूच्या बिया उन्हात पसरत होता. चालताना एक पाय जरा ओढत होता. त्यानं आम्हाला बघितलं, हातातलं फावडं तसंच धरून उभा राहिला. आई फाटकाशी. दोघांच्या मधे सगळं अंगण.

“वाट चुकलीस काय?” तो म्हणाला.

आईनं फाटकाला हात लावला, पण उघडलं नाही.

“पाय मोडून पडलो हुतो तवा न्हाई आलीस. लग्नात पत्रिका धाडली, न्हाई आलीस. दर भाऊबीजेला ही पाट मांडती,” त्यानं घराकडं हात केला. दारात मामी येऊन उभी होती. “आणि दर वर्षी मी तिला म्हणतो, उचल.”

“पोरीला दवाखान्यात आणलं हुतं,” आई म्हणाली. “वाटंवर हाय म्हणून...”

“वाटंवर आजच आलं व्हय गाव?”

आईनं माझा हात घट्ट धरला. ती सांगणार नाही हे मला कळलं. इतकी वर्षं जे त्याच्यापासून दूर ठेवलं, ते त्याच्याच अंगणात आणून कसं टाकणार? पण मला एक गोष्ट विचारायचीच होती. सुजलेल्या ओठांनी जमेल तेवढं मी विचारलं.

“मामा, माझ्या दातांनी तुझा पाय मोडला?”

त्याला समजेना. त्यानं आईकडं बघितलं. आईनं तोंडावर पदर घेतला होता.

“वरचे आधी आले म्हणून,” मी म्हटलं. “पण आता खालचा आलाय. डॉक्टरीणबाईंनी बघितलाय.”

फावडं त्याच्या हातातून बियांवर पडलं. तो पाय ओढत आमच्यापर्यंत आला. मला वाटलं, माझ्या तोंडात बघेल. त्यानं आईच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

“आक्का, फांदी पोकळ हुती गं,” तो म्हणाला. “वाळवी लागलेली. बाबा सांगून गेले हुते, तिच्यावर चढू नको म्हणून. मला शेंड्याचे काजू पायजे हुते. तुझ्या पोरीला माळ करायची हुती.”

“मला भ्या वाटलं, वैजू.”

“एवढ्यासाठी? येवढी वर्सं? अगं, पडायचं तर दहांदा पडलो असतो मी. तू समोर पायजे हुतीस.”

मामी पुढं आली. “आत या आधी. पोरगी तापलीय, आणि तुम्ही दोघं उन्हात भांडताय.” तिनं मला घेतलं, तांदळाची पातळ पेज केली, फुंकर घालून घालून चमच्यानं भरवली. आत ओटीवर भाऊ-बहीण बसले होते. खूप दिवस न बोललेली माणसं एकदम बोलू शकत नाहीत. शेवटी मामा म्हणाला, “तुझ्यावानी वडा कुणाला जमत न्हाई,” आणि मामीनं आतून ओरडून सांगितलं, “ऐकायला येतंय मला.”

शेवटच्या गाडीला सोडायला तो फाट्यापर्यंत आला. एसटीचा धुरळा दिसला तेव्हा म्हणाला, “आता कधी?”

आई त्याच्याकडं बघत नव्हती. “सूज उतरली की दात काढायला बोलावलंय. मग दोन भरायचे हायत. मग बघायला बोलावतील.” आणि म्हणाली, “दवाखान्याची वाट हितनंच जाती.”

त्यानंतर आईनं दातांची एकही तारीख चुकवली नाही. माहेराला जायला कारखाना सुट्टी देत नसे, दवाखान्याला देई. जाताना दात, येताना भाऊ. माझे दोन काढले, दोन भरले, खालचे आले, मग वरचे आले, सरळ. माणिकबाई सभेत आईला उठवून उभी करायच्या: “ही बघा सगुणा. ऊन नाही, पाऊस नाही. पोरीच्या दातांसाठी हिच्यासारखी जपणारी आई दाखवा मला.” मालूमावशीसुद्धा एकदा आपल्या दोघांना घेऊन आमच्याबरोबर आली, मग तिची जाऊ, मग निम्मा कारखाना. आई मान खाली घालून हसायची. कारखान्यात तिच्या ओव्या सुरू झाल्या होत्या, आणि डोंगर त्यातून गेला होता.

मी सातवीत असताना डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड तपासलं, आरसा ताटलीत ठेवला आणि म्हणाल्या, “छान. काही करायला नको. आता वर्षभर आणायची गरज नाही हिला.”

“वरीसभर?” आई म्हणाली.

“वर्षभर.”

आईनं माझ्याकडं बघितलं. फाट्यावर उभ्या असणाऱ्या मामाकडं तिचं मन कधीच पुढं गेलं होतं, ते तिला ओढून माघारी आणावं लागलं. ते मला दिसलं.

“बाई, नीट बघा की. मागं कुठं तरी एखादा किडला असंल.”

“नाही हो. एकही नाही.”

आई पिशवी उचलून उठली. दारापर्यंत गेली, थांबली. डॉक्टरीणबाई तिच्या पाठीकडं बघत होत्या.

“सगुणाबाई, इतकी वर्षं येताय. तुमचे दात कुणी तपासलेत कधी?”

“माझे? माझे आता काय बघायचे? जन्मभर मशेरी लावलीय बाई मी.”

“बसा बघू.”

आई खुर्चीत बसली. या वेळी तिच्या मांडीवर कुणी नव्हतं, तर तिला हात कुठं ठेवावेत कळेना. डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला आणि एकेक दात ठोकत आत, आणखी आत बघत राहिल्या. त्यांचा चेहरा गंभीर होत गेला.

“हिरड्या फार खराब झाल्यात. मागचे तीन हलतायत. मशेरी तर आजपासून बंद. बरेच हेलपाटे घालावे लागतील तुम्हाला. वर्ष जाईल, कदाचित दोन.”

मी आईकडं बघितलं. दिव्याच्या उजेडात तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा असा निवांत, जणू कुणी तिचे पाय धुऊन तिला घरात घेतलं होतं.

“घालीन की,” ती म्हणाली. “पहिला कधी?”